गोदामातील साठ्याचे आवर्तन आणि उतरती मांडणी

धान्याने भरलेली मालमोटार गोदामाच्या दाराशी लागते, तेव्हा पोती वाहणाऱ्या माणसाला दाराजवळची मोकळी जागाच सर्वांत सोयीची वाटते. पाठीवरचे ५० किलोचे पोते तो तेथेच उतरवितो. पंधरा दिवसांनी माल बाहेर काढावयाचा असतो, तेव्हाही दाराजवळचे पोते उचलणेच सोयीचे असते. नवा माल आला तो दाराशी लागला, मागणी आली ती दाराशीच भागली, आणि मागच्या भिंतीलगतची थप्पी जशीच्या तशी उभी राहिली. यात कोणी हेतुतः काही वाईट केलेले नसते. तरीही वर्षअखेरीस मोजदाद होते, तेव्हा भिंतीलगतच्या पोत्यांतून पीठ गळताना आढळते.

जो माल आधी आला तो आधी बाहेर पडावा, या व्यवस्थेला साठ्याचे आवर्तन म्हणतात. गोदाम सांभाळणाऱ्या प्रत्येकास हा नियम ठाऊक असतो. तो भिंतीवर लिहिलेला असतो, तपासणीच्या वेळी विचारलाही जातो. तथापि ज्या जागेत नियम पाळण्यास दहा पोती बाजूला सारावी लागतात आणि मोडण्यास काहीच करावे लागत नाही, त्या जागेत तो मोडलाच जाणार. दोष माणसाच्या आळसात जितका असतो, त्याहून अधिक तो खोलीच्या रचनेत असतो. माल चढविणे व उतरविणे एकाच बाजूने होत असेल, तर शेवटी आलेलेच प्रथम निघते. हा दोष रचनेतूनच काढून टाकण्याचा एक उपाय कारखाने, शीतगृहे आणि मोठी वितरणकेंद्रे यांत रूढ आहे. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा उपयोग करून घेणारी ही उतरती मांडणी पंचायत वा शाळेच्या पातळीवर विकत घेण्याजोगी नव्हे. परंतु तिच्यामागचे तत्त्व समजून घेतले, तर लहान साठवणुकीतही त्याचा उपयोग होतो.

जुना माल मागे राहिल्याने काय होते?

धान्याच्या बाबतीत ही हानी त्या जुन्या मालापुरती मर्यादित राहत नाही. तांदळातील सोंडे किडीची एक पिढी उबदार, दमट हवेत सुमारे महिनाभरात पुरी होते. पावसाळ्याच्या तोंडावर मागे राहिलेली एक थप्पी दिवाळीपर्यंत किडीच्या तीन-चार पिढ्यांचे माहेरघर बनू शकते, आणि तेथून ती नव्या पोत्यांत शिरते. म्हणजे जुने धान्य आधी हलवावयाचे ते केवळ त्याच्यासाठी नव्हे, तर नव्यासाठीही.

औषधांचे गणित वेगळे आहे. तेथे एका खोक्याची बाधा दुसऱ्यास होत नाही. परंतु मुदत टळलेली गोळी नष्टच करावी लागते. आणि ज्या कपाटात ती मुदत टळेपर्यंत पडून राहिली, त्याच कपाटासाठी तीच गोळी मधल्या काळात पुन्हा मागविलेली असते. सरकारी खर्च दोनदा होतो आणि रुग्णाला औषध एकदाच मिळते. शाळेत पोषण आहारासाठी ठेवलेल्या तांदळाचा हिशोब तर मुलांच्या ताटातच उतरतो.

वखारीतील थप्पी

भारतातील सार्वजनिक वखारव्यवस्थेचा पाया अखिल भारतीय ग्रामीण पतपुरवठा पाहणी समितीच्या १९५४ सालच्या अहवालाने घातला. गोरवाला समिती या नावाने ती ओळखली जाते. शेतकऱ्याने सुगीच्या दिवसांत पडत्या भावाने माल विकू नये, तो वखारीत ठेवून त्यावर कर्ज काढता यावे, अशी ती कल्पना होती. १९५६ साली तसा कायदा झाला. १९५७ साली केंद्रीय वखार महामंडळ आणि त्याच वर्षी आजच्या महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाची स्थापना झाली. भारतीय अन्न महामंडळ १९६५ साली अस्तित्वात आले.

या सर्व गोदामांची घडण पोते हे एकक धरून झालेली आहे. जमिनीवर लाकडी फळ्यांची बैठक, तिच्यावर पोत्यांची थप्पी, दोन थप्प्यांमध्ये माणूस फिरेल इतकी वाट, आणि प्रत्येक थप्पीला तिच्या आवकीची तारीख सांगणारे पत्रक. धुरी द्यावयाची तर एकेक थप्पी आवरणाखाली झाकून दिली जाते. येथे आवर्तनाचे एकक पोते नसून थप्पी आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. थप्पी एकदा उघडली की ती संपवावयाची आणि मगच दुसरीला हात लावावयाचा, एवढे पाळले तर आवर्तन आपोआप साधते. पत्रक मात्र वाचले गेले पाहिजे. दाराजवळची थप्पी नवी आहे असे पत्रक सांगत असतानाही तीच उघडली जाते, याचे कारण वर सांगितलेलेच आहे.

उतरत्या मांडणीची घडण

माल पोत्याऐवजी खोक्यात, डब्यात, बाटलीत येऊ लागला आणि उचलण्याचे काम पाठीऐवजी फोर्कलिफ्ट करू लागला, तेव्हा साठवणुकीचे एकक बदलले. लाकडाच्या वा प्लॅस्टिकच्या पॅलेटवर, म्हणजे सामान्यतः १.२ मीटर लांब व १ मीटर रुंद अशा बैठकीवर, सुमारे एक टन माल रचून ती बैठकच उचलून ठेवावयाची, ही पद्धत आज सर्वत्र दिसते. भिवंडी परिसरातील मोठमोठी गोदामे याच पद्धतीने चालतात. ही पॅलेट ठेवण्यासाठी लोखंडी मांडण्या असतात. साध्या मांडणीत प्रत्येक पॅलेटसमोर वाट असते. कोणतेही पॅलेट केव्हाही काढता येते, पण बरीच जागा वाटांनीच व्यापली जाते. दुसऱ्या एका प्रकारात फोर्कलिफ्ट मांडणीच्या आतच शिरते. त्यात जागा वाचते, परंतु शेवटी ठेवलेले पॅलेटच प्रथम निघते. म्हणजे दाराजवळच्या पोत्याचीच कथा लोखंडात पुन्हा घडते.

उतरत्या मांडणीत या दोन्ही दोषांवर एकदम उपाय केलेला आहे. तिच्यात खोलवर जाणाऱ्या अरुंद ओळी असतात आणि प्रत्येक ओळीच्या तळाशी फिरते रूळ बसविलेले असतात. ओळीला भरण्याच्या बाजूकडून काढण्याच्या बाजूकडे सुमारे ४ टक्के, म्हणजे मीटरला ४ सेंटिमीटर, उतार दिलेला असतो. पॅलेट उंच टोकाला ठेवले की ते स्वतःच्या वजनाने रुळांवरून खाली सरकते आणि पुढच्या पॅलेटला टेकून थांबते. खालच्या टोकाचे पॅलेट काढले की मागची सर्व पॅलेट एकेक जागा पुढे येतात. भरणारा आणि काढणारा एकमेकांसमोर येतच नाहीत. त्यांच्या वाटाच निराळ्या. नव्या मालाला जुन्याच्या पुढे जाण्याचा मार्गच नसल्याने, आधी आलेला आधी निघतो. त्यासाठी वीज लागत नाही आणि हुकूमही लागत नाही.

जागेचा हिशोब लहानशा उदाहरणाने स्पष्ट होईल. फोर्कलिफ्टला वळण्यास ३.५ मीटर रुंद वाट लागते असे धरू. १९ मीटर खोल जागेत साध्या मांडणीच्या सहा रांगा आणि त्यांच्यामधल्या तीन वाटा बसतात. त्याच जागेत दोन्ही टोकांना एकेक वाट ठेवून दहा पॅलेट खोलीची उतरती मांडणी उभी करता येते. सहाच्या ठिकाणी दहा. अर्थात उताराची किंमत उंचीत मोजावी लागते. दहा पॅलेटच्या १२ मीटर लांब ओळीत ४ टक्के उताराने ४८ सेंटिमीटर उंची खर्ची पडते, आणि कमी उंचीच्या छपराखाली त्यामुळे वरचा एखादा मजला गमवावा लागू शकतो.

गती आवरणे

उतार दिला की काम झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात खरी कारागिरी पॅलेट सरकविण्यात नसून ते आवरण्यात आहे. घर्षण नगण्य धरले, तर एक टन माल १२ मीटरच्या त्या उतारावरून खाली पोहोचेपर्यंत सेकंदाला सुमारे ३ मीटर, म्हणजे तासाला जवळजवळ ११ किलोमीटर, वेग घेईल. इतक्या वेगाने येऊन आदळलेल्या पॅलेटने पुढचा माल फोडला नाही तरच नवल. यास्तव काही अंतरावर गतिरोधक रूळ बसवितात. त्यांच्या पोटात लहान पट्ट्या असतात. रूळ वेगाने फिरू लागला की त्या बाहेर फेकल्या जाऊन आवरणावर घासतात. वेग जितका अधिक, तितका रोध अधिक. त्यामुळे जड पॅलेटही चालत्या माणसाहून सावकाश उतरते.

दुसरी अडचण खालच्या टोकाशी येते. पहिल्या पॅलेटच्या मागे नऊ पॅलेट उभी असतात आणि प्रत्येकाच्या वजनाचा चार शतांश भाग उतारावरून पुढे ढकलत असतो. घर्षण सोडून दिले तर हा दाब ३६० किलोपर्यंत जातो. असा दाब पाठीशी असताना पहिले पॅलेट उचलणे कठीण आणि धोक्याचेही. म्हणून तेथे विभाजक नावाची एक साधी यंत्रणा असते. पहिल्या पॅलेटच्या वजनाने एक पट्टी दाबलेली राहते, आणि ती दाबलेली असेपर्यंत दुसऱ्या पॅलेटपुढे अडसर उभा असतो. पहिले पॅलेट उचलून दूर गेल्यावरच तो खाली पडतो. दरवानाने एकाला बाहेर सोडल्यावर दुसऱ्याला आत घ्यावे, तसा हा प्रकार आहे.

हे सर्व सुरळीत चालते ते पॅलेट धड असेपर्यंत. तळाची एक फळी तुटलेली असेल, एखादा खिळा वर आलेला असेल, तर पॅलेट ओळीच्या मध्यावर अडकते. ते बाहेरून दिसत नाही. खालच्या टोकाला माल येणे थांबते तेव्हा उमगते. मागच्या मालाला अडसर न लावता ओळीत शिरून ते सोडवू पाहणारा माणूस आपल्या अंगावर टनावारी माल ओढवून घेतो. तद्वतच फार हलके पॅलेट सरकतच नाही, कारण गतिरोधक ठराविक वजनांसाठी जुळविलेले असतात. ज्या गोदामात पॅलेट कोठूनही व कसलीही येतात, तेथे ही मांडणी घेण्यापूर्वी ती पॅलेट तपासणारा माणूस नेमावा, हे अधिक शहाणपणाचे.

कोठे योग्य, कोठे अयोग्य

एका ओळीत एकाच प्रकारचा माल ठेवावा लागतो, हा या मांडणीचा मुख्य जाच होय. दहापैकी चार पॅलेट उरली, तर भरण्याच्या बाजूच्या सहा जागा रिकाम्या दिसतात; पण त्या दुसऱ्या मालास देता येत नाहीत, दिल्यास तो या चारांच्या मागे अडकून पडेल. म्हणून वस्तूंचे प्रकार थोडे, प्रत्येक प्रकाराची संख्या मोठी आणि खप सततचा, अशा ठिकाणीच ही मांडणी शोभते. दुग्धपदार्थ, शीतपेये, गोठविलेले खाद्यपदार्थ ही तिची खरी क्षेत्रे. शीतगृहात तर तिचा दुहेरी लाभ आहे. रिकाम्या वाटांतील हवा थंड ठेवण्याचा खर्च वाचतो.

पाचशे प्रकारची औषधे आणि प्रत्येकाची दोन-दोन खोकी, अशा भांडारात पॅलेटची उतरती मांडणी निरर्थक ठरेल. तेथे खोक्यांसाठी लहान चाकांच्या उतरत्या फळ्या मिळतात, त्या पुष्कळ स्वस्त पडतात. सरकारी धान्य गोदामासही ही मांडणी उपयोगी नाही. धान्य एकदम मोठ्या खेपेने येते आणि मोठ्या खेपेनेच जाते; पॅलेटच्या कडेबाहेर फुगलेली पोती ओळीच्या खांबांना घासून फाटतात; शिवाय थप्पीचा खर्च या लोखंडाच्या मानाने काहीच नाही. जेथे थप्पीने काम भागते तेथे थप्पीच योग्य होय.

आणि उतार असला म्हणजे आवर्तन साधलेच, असेही नाही. रस्त्याकडेच्या दुकानात शीतपेयांची काचेची कपाटे दिसतात. त्यातील काही फळ्या उतरत्या असतात, पुढची बाटली काढली की मागची पुढे सरकते. परंतु दुकानदार नव्या बाटल्याही समोरूनच आत सारतो. मागच्या बाटल्या मागेच राहतात. उतार आहे, पण मागचे दार नाही. आवर्तन साधते ते दोन दारांमुळे. उतार केवळ हमालाचे श्रम वाचवितो.

आधी आलेला की आधी संपणारा?

येथे एका प्रश्नाचा अधिक सावकाश विचार केला पाहिजे, कारण औषधे व लसी सांभाळणाऱ्यांच्या तो नित्य वाट्यास येतो. उतरती मांडणी येण्याचा क्रम राखते. वस्तूची मुदत तिला कळत नाही. समजा, जानेवारीत जलसंजीवनीच्या पाकिटांची एक खेप आली आणि तिची मुदत पुढील वर्षाच्या डिसेंबरपर्यंत आहे. मार्चमध्ये दुसरी खेप आली, ती आधीच्या उत्पादनातील निघाली, आणि तिची मुदत पुढील वर्षाच्या जूनमध्येच संपते. आधी आला तो आधी गेला, हा नियम येथे अक्षरशः पाळला तर जानेवारीची खेप वाटली जाईल आणि मार्चची कपाटात मुदतबाह्य होईल. नियम पाळूनही नुकसान! म्हणून औषधांच्या भांडारात आवकीची नव्हे, तर मुदतसमाप्तीची तारीख प्रमाण मानतात. उतरती मांडणी तेथे वापरावयाची, तर माल आत घेतानाच तारीख पाहून अल्प मुदतीची खेप निराळ्या ओळीत घातली पाहिजे. एकदा ती ओळीत गेली की मागून पुढे आणण्याचा उपाय उरत नाही.

लसींच्या बाबतीत याही पुढे जावे लागते. कुपीवर छापलेली तारीख कुपीने सोसलेली उष्णता सांगत नाही. याकरिता जागतिक आरोग्य संघटनेच्या पुरस्काराने १९९६ पासून प्रथम तोंडावाटे द्यावयाच्या पोलिओ लसीवर आणि पुढे अन्य लसींवर उष्णतादर्शक खूण आली. एका गडद वर्तुळात फिकट चौकोन असतो. उष्णता लागत जाते तसतसा तो गडद होत जातो, आणि वर्तुळाच्या रंगाशी जुळला की कुपी टाकून द्यावयाची. यातून आवर्तनाचा तिसरा नियम निघतो : ज्या कुपीचा चौकोन अधिक गडद झालेला, पण अजून मर्यादेत आहे, ती आधी वापरावी, मग तिची छापील मुदत दुसरीहून लांबची का असेना. आरोग्य केंद्रातील बर्फाच्या अस्तराचे शीतपेटे वरून उघडणारे असतात. वरून ठेवले की वरचेच हाती येते, म्हणून तेथे कोणतीही मांडणी माणसाच्या डोळ्यांचे काम करू शकत नाही. दर वेळी पाहावेच लागते.

एका दाराची खोली

शाळेची कोठीची खोली, रास्त भाव दुकानाचे मागचे दालन, ग्रामपंचायतीचे भांडार, या सर्वांना बहुधा एकच दार असते. भिंत फोडून दुसरे दार करणे शक्य असेल तर उत्तमच. नसेल, तर जमिनीवर रंगाची रेघ ओढून खोलीचे डावा व उजवा असे दोन भाग करावेत आणि मधून भिंतीपर्यंत वाट सोडावी. माल डाव्या भागातून काढला जात असेल तेव्हा नवा माल उजव्या भागातच जाईल. डावा भाग पूर्ण रिकामा झाला, झाडला गेला, की मगच भूमिका बदलावयाच्या. यात काही जागा नेहमी मोकळी राहते, हे खरे. वर्षभराचा माल एकदम भरण्याचा हट्ट धरला तर ही पद्धत चालणार नाही. परंतु त्या हट्टात भिंतीलगतचा माल वर्षानुवर्षे न हलण्याची बीजे असतात. दाराच्या आतल्या बाजूस 'आज डावीकडून' किंवा 'आज उजवीकडून' असा फलक टांगला, तर नव्या मदतनिसालाही विचारावे लागत नाही. प्रत्येक पोत्यावर आवकीचा महिना मोठ्या अक्षरांत, वाटेकडील बाजूस लिहावा. पोत्याच्या पाठीमागे लिहिलेली तारीख कोणीच वाचत नाही.

औषधांच्या कपाटात नवी खोकी मागे आणि कमी मुदतीची पुढे, हे दर आवकीला हाताने करावे लागते. त्यास पंधरा मिनिटे लागतात, आणि ती आवक नोंदविण्याच्या कामातच धरलेली असावीत. 'सवडीने करू' म्हटले की ती सवड येत नाही.

सांगली येथील हरिपूरच्या हळदीच्या पेवांचे उदाहरण येथे आठवण्याजोगे आहे. जमिनीत खोदलेल्या या कोठारांना वर एकच तोंड असे; म्हणजे शेवटी घातलेली हळद प्रथम निघावी अशीच ती रचना. तरीही पेवात आवर्तनाचा प्रश्न उद्भवत नसे, कारण ते एकदा भरून बंद करावयाचे आणि उघडले की रिकामे करावयाचे. २००५ च्या महापुरात या पेवांची मोठी हानी झाली.

घराघरांत व शाळांत आढळणारी पत्र्याची कोठी मात्र फसवी असते. तिला वर झाकण आणि खाली तोंड असते. वरून भरले, खालून काढले, म्हणजे जुने आधी निघाले असे वाटते. सपाट तळाच्या कोठीत तसे होत नाही. खालचे तोंड उघडले की त्याच्या नेमक्या वरचा धान्याचा स्तंभ तेवढा खाली घसरतो, पृष्ठभागावर खळगा पडतो आणि वरचे, म्हणजे सर्वांत नवे, धान्य त्या खळग्यातून प्रथम बाहेर येते. कडेचे व तळाचे जुने धान्य जागचे हलत नाही. मोठ्या सायलोंच्या तळाला तीव्र उताराचे गुळगुळीत नरसाळे देतात, ते सर्व धान्य एकदम सरकावे यासाठी. कोठीला असे नरसाळे नसेल, तर अर्धी रिकामी झालेली कोठी वरून भरू नये. ती पूर्ण रिकामी करावी, आत हात घालून कोपरे पुसावेत, एक दिवस कडक उन्हात उघडी ठेवावी, आणि मगच नवे धान्य ओतावे.